दामूकाकांची दोन सिमं

दामूकाकांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात एका कंपनीचा फोन असे, उजव्या खिशात दुसरीचा. डाव्याची रेंज गेली की उजव्या फोनवरून ते डाव्याच्या कंपनीला दम भरत, "नीट वाग, नायतर आमी चाललो दुसरीकडं."

कडावात माझं मोबाइलचं दुकान आहे. शेतावर जाताना काका रोज बाकड्यावर टेकायचे. "दोन जावा भांडत राहिल्या तरच सासूला गरम चहा मिळतो," हे त्यांचं कंपन्यांबद्दलचं मत. एकीनं प्लॅन महाग केला की दुसरीचं कौतुक इतक्या मोठ्यानं करायचे, जणू पहिलीला ते ऐकू जाणार होतं. गिऱ्हाइकांना मी त्यांची नक्कल करून दाखवायचो.

गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीनं आपला टॉवर काढला आणि पहिलीच्याच टॉवरवर सोय करून घेतली. मला एजंटाकडून कळलं होतं. काका रिचार्जला आले तेव्हा सहज म्हणाले, "दोघींचे टॉवर येगळे हायत ना रं?"

"वेगळेच, काका." माझं महिन्याचं रिचार्जचं टार्गेट थोडंसंच बाकी होतं.

पावसाळ्यात एका दुपारी तो टॉवर बंद पडला. काका खालच्या शेतात होते. गावाबाहेरच्या त्यांच्या घरात काकू मोरीत पडल्या. गुडघे गेलेले, आधाराशिवाय उठता येत नव्हतं. काका परतेपर्यंत तीन तास त्या ओल्या फरशीवरून त्यांना फोन लावत होत्या, कधी आपल्या फोनमधल्या एका सिमवरून, कधी दुसऱ्यावरून. दोन कंपन्यांचा सगळा खटाटोप काकूंची हाक चुकू नये म्हणून होता, हे मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले. एक गिऱ्हाईक म्हणालं, "टॉवर एकच हाय, काका. यानं फसवलं तुमाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला म्हायत व्हतं?"

मी मान हलवली. नाही.

"मंग झालं," ते त्या माणसाला म्हणाले. "कंपन्या याला कशाला सांगतील? आमचा पोरगा खोटं नाय बोलायचा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दुपारचा जरा घराकडं डोकावशील? ती एकटी असते रं."

आता रोज दुपारी दुकान बंद करून मी जातो. काकू दारातच बसलेल्या असतात. "धंदा टाकून येतोस बाबा, देव तुझं भलं करील," म्हणतात. आत ये म्हणतात. मी चपला न काढताच परत फिरतो.