पुयलनचं पारणं

द्वादशीच्या सकाळी, विठ्ठलमठात, कीर्तनाच्या ऐन भरात शेषाद्रीनं एका सिनेमाची गोष्ट लावली. ही चूक त्याच्या हातून भक्तीपोटीच झाली. भक्ती कोणावरची, एवढाच प्रश्न होता.

शेषाद्री विमा कंपनीत होता आणि वडिलांमागून मठातलं एकादशी-द्वादशीचं कीर्तन चालवत होता. आदल्या आठवड्यात त्यानं ‘पुयलन’चा दुसरा भाग पाहिला. तमिळमध्ये पुयल म्हणजे वादळ. ते छातीत भरून घेऊन गावं वाचवणारा पुयलन एरवी सरकारी बसवर कंडक्टर असतो. तेव्हापासून कुंभकोणमात शेषाद्रीला चुकवणं अवघड झालं होतं. “पहिल्या भागांत शक्ती मिळते. त्यांत काय मोठेंसें?” तो भेटेल त्याला सांगे. “दुसऱ्या भागांत ती वापरावी तेवढी कायमची कमी होते. आजचें वादळ अडवावें, कीं म्हातारपणास थोडी ठेवावी? असा विचार करणारा वीर तुम्ही कोठें पाहिलात?” विमा विकणाऱ्या माणसाला हा सिनेमा का भिडला, हे उघड होतं.

त्या सकाळी निरूपण ‘देहाचा भरवसा’ या विषयावर चाललं होतं. दोन मिनिटांचा दृष्टांत म्हणून शेषाद्रीनं पुयलन काढला. पण मृदंगावरच्या गुरुमूर्तीनंही सिनेमा पाहिलेला होता. त्यानं वादळाचा असा घुमारा काढला की दोन मिनिटांचा हिशेब तिथेच वाहून गेला. कीर्तनात नेमानं डुलक्या घेणाऱ्या मीनाक्षीबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या.

“कोठलें धरण म्हणालास, शेषा? आपलें अणैकरैचें?”

“तसेंच समजा, आक्का.”

मीनाक्षीबाई मठातल्या सर्वांत वडील. लग्न झाल्यापासून त्यांची एकही एकादशी मोडली नव्हती. त्या दिवशी द्वादशी लवकर सरत होती, आणि ती सरायच्या आत पारणं झालं नाही तर सगळा उपास वाया. आत आवळ्याची पच्चडी आणि अगत्तीच्या पाल्याची भाजी तयार होती. पण मठाचा जुना नियम होता : गोष्टीतला जीव संकटात सोडून समाप्तीचं मंगळ म्हणायचं नाही, आणि मंगळाशिवाय पान वाढायचं नाही.

“धरणास भेग पडली,” शेषाद्री सांगत होता. “पुयलन पाठ लावून उभा. शक्ती संपली. खालीं घरांत आई एकटी, दाराशीं तो दुष्ट. आणि एकदम अंधार.”

गुरुमूर्तीनं थाप मारली.

“मग?” मीनाक्षीबाईंनी विचारलं.

“मग दिवे लागले.”

“कोणाच्या घरीं?”

“थिएटरांत, आक्का. पुढचा भाग पोंगलला येणार.”

“या पोंगलला?”

“त्याच्या पुढच्या.”

“तोंवर मी उपाशी बसूं?”

मठाचे कारभारी पांडुरंगराव मांडीवर पंचांग घेऊन बसले होते. ते शेषाद्रीजवळ सरकले. “कांहीं तरी शेवट लाव आणि मंगळ म्हण. आक्काची एकादशी मोडली तर पुढच्या खेपेस मी तंजावरचा कोणी बघतों.”

“मामा, कथा सिनेमावाल्यांची आहे. मी कसा शेवट लावूं?”

“लहानथोर अस्के उपाशी बसले आहेत. त्यांस विचार कथा कोणाची तें.”

वडिलांच्या चिपळ्या हातात, आणि त्या हातातून जायची वेळ आलेली. शेषाद्रीनं डोळे मिटले. “पुयलननें मोठा श्वास घेतला, आणि भेग—”

“थांब,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “शक्ती संपली म्हणालास कीं. आतां कोठून आणली?”

“होय, होय,” मागून चार आवाज आले. सकाळपर्यंत ज्यांनी पुयलनचं नावही ऐकलं नव्हतं, ते आता त्याच्या नियमांचे रखवालदार झाले होते.

पांडुरंगरावांनी सूत्रं हाती घेतली. “विठ्ठल आला. धरणास हात लावला. संपलें. गुरुमूर्ति, मंगळाचा ताल धर.”

“विठ्ठलास मध्यें आणूं नोको,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “तो सगळ्यांसच वांचवतो. मग त्या पोराचें कौतुक काय राहिलें?”

पांडुरंगरावांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. विठ्ठलानं कमरेवरचे हात काढले नाहीत.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, हातातल्या पळीसकट, शेषाद्रीची बायको भारती म्हणाली, “आईस उठवा कीं.”

“कोणाच्या?”

“त्याच्या. धरणाच्या बाजूच्या दारांची राखण तिच्या नवऱ्याकडे होती. पहिल्या भागांत दाखवलें आहे. किल्ली अजून तिच्या कमरेस आहे. दोन भाग नुसती रडते बिचारी. तिला जाऊन तीं दारें उघडूं दे. पाणी उतरेल, लेकाची पाठ सुटेल.”

“आणि घराच्या दाराशीं उभा आहे तो?” पांडुरंगरावांनी अडवलं.

“त्यास उभा राहूं दे. ती परसांतून गेली.”

शेषाद्री पाहतच राहिला. ती किल्ली त्यानं दोन्ही भागांत पाहिली होती. तिच्याकडे लक्ष मात्र भारतीचं गेलं होतं. त्यानं चिपळ्या उचलल्या आणि म्हातारीला परसातून, बांधावरून, पावसातून धरणापर्यंत असं नेलं की गुरुमूर्ती स्वतःच ताल चुकला. पाणी उतरलं. पुयलन आईच्या पायांशी बसला.

“आतां बरोबर,” मीनाक्षीबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

मंगळ झालं. द्वादशी थोडी उरली होती, तेवढ्यात आवळा तोंडात पडला. चिपळ्या शेषाद्रीकडेच राहिल्या.

त्या पुढच्या पोंगलला तिसरा भाग आला, तेव्हा सगळा मठ थिएटरात गेला. मीनाक्षीबाई कडेच्या खुर्चीवर होत्या. पडद्यावर आभाळातून वीज पडली, पुयलनची शक्ती जशीच्या तशी परत आली, आणि आई शेवटपर्यंत रडली. शेषाद्री भारावून बाहेर आला.

“वीज काय दाखवली आहे, आक्का. असें कोणासही जमायचें नाहीं. तुम्हांस कसा वाटला?”

मीनाक्षीबाईंनी पायरी उतरण्यासाठी त्याचा हात धरला आणि जरा विचार केला.

“पोरांनीं मेहनत पुष्कळ केली आहे. आवाजही मोठा आहे.” त्या दुसरी पायरी उतरल्या. “पण पाठांतर कच्चें. आईचें विसरले.”