मूळ पेशींसह हजर राहावे

काल्हेरच्या गोदामात गोणी उचलणाऱ्या जान्या मुकणेच्या हृदयाचा पाव भाग दिनांक सात रोजी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, मरण पावला. उरलेला पाऊण भाग ड्युटीवर हजर आहे.

अटॅक येऊन गेल्यापासून पाड्याची चढण चढताना जान्याला तीनदा बसावं लागे. सरकारी दवाखान्यातल्या दिपिका डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझ्याच कमरेच्या हाडातून मूळ पेशी काढायच्या आणि हृदयात सोडायच्या. प्रयोग आहे, हमी नाही. पण फुकट आहे, आणि एकच जागा उरलीय. तीस तारखेपर्यंत नाव नोंदव." जान्याची बायको सोनी तिथेच रडायला लागली. आशेनं, बरं का.

जान्यानं मंजुरीसाठी अर्ज केला, मग टेमघरच्या हृदय दुरुस्ती साहाय्य कक्षाचं पत्र आलं : 'अर्जदाराने मूळ पेशींसह समक्ष हजर राहावे.'

"आणल्यात?" खिडकीतल्या प्रितेशभाऊंनी विचारलं. "मूळच लागतात. झेरॉक्स चालत नाही."

"साहेब, त्या आंगात हायेत."

"मग काढून आणा ना. बघतो आणि लगेच परत देतो. आम्ही काय ठेवून घेतो का?"

पेशी काढायला मंजुरी हवी, मंजुरीला पेशी हव्यात. आता बोला! पण प्रितेशभाऊ काही वाईट माणूस नव्हे, त्यांनी तोडगा काढला. पेशी सध्या अर्जदाराच्याच ताब्यात असल्याचं प्रतिज्ञापत्र चालेल. मात्र मेलेल्या भागाचा मृत्यूचा दाखला लागेल. जान्या दाखल्यांच्या खिडकीवर गेला. फॉर्मवर 'मयताशी नाते' असा रकाना होता. बराच विचार करून त्यानं 'शेजारी' असं लिहिलं, आणि दाखला मिळाला की हो!

अठ्ठावीस तारखेला प्रितेशभाऊंनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "भाग मेला, हे सिद्ध झालं. पण आधी तो जिवंत होता, याला पुरावा काय? दोन सहृदय नागरिकांच्या सह्या आणा. नातेवाईक आणि कर्मचारी चालत नाहीत."

आता जान्याच्या राहनाळ गावात सहृदय माणसांना काय तोटा! नाक्यावर गोदाममालक केसरीनाथशेठचा वाढदिवसाचा बॅनरच होता, हात जोडलेला : 'सहृदय नेतृत्व'. जान्या त्या बॅनरखालून शेठच्या अंगणात गेला.

"शेठ, पुराच्या साली तुमच्या आईला मी पाठीवर घेतली, कमरंइतक्या पान्यातून आनली. तवा माझं काळीज चालू व्हतं ना? तेवढंच लिवून द्या."

"अरे, मला काय माहीत नाही?" शेठच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "आई अजून तुझं नाव काढते. पण लेखी दिलं, तर तू धडधाकट होतास आणि माझ्याच गोदामात पडलास, असा अर्थ निघतो रे. घरी विचारून सांगतो."

घर पाठीमागेच होतं. ओटीवर त्यांची आई, जानकीबाई, बसल्या होत्या. शेठ मात्र गाडीत बसून निघून गेले.

रक्तदान शिबिरं भरवणारे जीवन गुरुजी म्हणाले, घरी विचारून सांगतो. योगवर्गाच्या हेमालीताईंनी जान्याला आधी दीर्घ श्वास घ्यायला लावला, मग त्याही तेच म्हणाल्या.

तीस तारखेला कक्ष बंद व्हायची वेळ होत आली, तेव्हा खिडकीपाशी सोनीचा संयम सुटला. रांगेकडे वळून ती ओरडली, "एवढी मानसं उभी हायेत, कुनाच्याच छातीत काय न्हाय का?"

रांगेनं एकदिलानं मोबाइल बाहेर काढले. जान्या खाली बसला. प्रितेशभाऊंनी खिडकी अर्धी ओढून घेतली आणि गंभीरपणे सांगितलं, "अजून पाच मिनिटं आहेत."

फॉर्म कट्ट्यावरच आहे. सह्यांच्या दोन्ही जागा कोऱ्या आहेत, पेन दोरीला बांधलेलं आहे. वाचकहो, तुम्ही जान्याचे नातेवाईक नाही, कर्मचारीही नाही, आणि त्याचं काळीज चालू होतं हे तुम्ही आत्ताच वाचलंत.

नाही, नाही, घाई नाही. घरी विचारून सांगा.