छत्तिशीतला रंगा आणि खैरनारांचा शिक्का

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला खैरनारांनी केकला व्हर्नियर लावलं. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी-रुंदी मोजायचं ते स्टीलचं माप. माणसं खिशात कंगवा ठेवतात, खैरनार व्हर्नियर ठेवतात. केकची डावी बाजू उजवीपेक्षा बसकी निघाली. "रिजेक्ट," ते म्हणाले आणि दोन तुकडे खाल्ले. आमच्या हिने त्या केकवाल्याकडे जायचं सोडलं. खैरनारांकडे जायचं मात्र सोडता येत नाही, कारण ते आमच्या वरच राहतात.

अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तयार माल तपासला. तिथे प्रत्येक नगावर तीनपैकी एक शिक्का बसायचा: ओके, रिवर्क नाहीतर रिजेक्ट. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना घड्याळ दिलं आणि शिक्के काढून घेतले, पण त्याने काही अडलं नाही, आता तोंडाने मारतात. सोसायटीची नवी लिफ्ट: रिवर्क. गणपतीची आरास: रिजेक्ट. 'ओके' असा एक शिक्का असतो हे आम्ही ऐकून आहोत. प्रत्यक्ष कुणी ऐकलेला नाही.

आणि त्यांचा एक नियम, माल हातात घेतल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. माझ्या मुलाचे बारावीचे मार्क मी हौसेने फोनवर दाखवायला गेलो, तर बघायलाच तयार नाहीत. "मास्तर, स्क्रीनवर सगळंच चकाकतं. कागद आणा." मी भूगोल शिकवतो म्हणून त्यांचा मास्तर. गेलो मुकाट्याने, प्रिंट काढून आणली. ती त्यांनी उजेडाकडे धरली, मागून पुढून बघितली आणि म्हणाले, "रिवर्क." मुलगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. जसं काही मीच म्हटलं होतं!

असा हा माणूस. त्याला दयामाया ठाऊक नाही असं सगळ्या सोसायटीचं ठाम मत होतं. अपवाद एकच, रंगा मोगरे.

आता रंगा कोण ते सांगायला आधी आमचं वेड सांगायला हवं. आमच्या सोसायटीत टीव्हीवरच्या कबड्डीची एक लीग चालते. हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही आठ जण खऱ्या खेळाडूंचा आपापसांत लिलाव करतो. प्रत्येकाकडे बोलीसाठी शंभर गुण, त्यांत सात खेळाडूंचा संघ बांधायचा. मग ते खेळाडू खऱ्या सामन्यात जेवढे गुण मिळवतील तेवढे आपल्या खात्यात. थोडक्यात, घाम त्यांनी गाळायचा, गुडघे त्यांनी फोडून घ्यायचे आणि भांडायचं आम्ही. बक्षीस म्हणून एक पितळी तांब्या आहे. त्या तांब्यासाठी सख्खे शेजारी जिन्यात तोंड फिरवून जातात.

रंगा मोगरे हा चढाई करणारा, रेडर. एकेकाळी तो समोरच्या अंगणात शिरला की सातही जण कोपऱ्यात गोळा व्हायचे. पण ते एकेकाळी. आता वय छत्तीस, डाव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया, आणि मागच्या हंगामात निम्म्याहून जास्त सामने बाकावर टॉवेल घेऊन. बाकावर बसायचे गुण मिळत नाहीत. तरी गेली दोन वर्षं खैरनारांनी शंभरातले चाळीस-चाळीस गुण त्या एकट्यावर उधळले, उरलेल्या साठात सहा पोरंसोरं गोळा केली, आणि दोन्ही वर्षी दिमाखात शेवटचे आले.

यंदा लिलावाआधी त्यांनी मला गच्चीवर गाठलं आणि रंगाचं येत्या हंगामाचं भाकीत मांडलं.

"मास्तर, लेथ बघितलंय का कधी? जुनं झालं की पहिल्यांदा फिरणारा स्पिंडल सैल होऊन खेळायला लागतो. आवाज करतो. लोक म्हणतात, भंगारात घाला. पण खालचा बेड शाबूत असेल ना, तर ते मशीन नव्याला भारी. रंगाचा गुडघा म्हणजे स्पिंडल. कंबर म्हणजे बेड. कंबर बघा त्याची!"

"मी कशाला त्याची कंबर बघू?"

"वेग गेला, मान्य. पण बोनस रेषेपलीकडे पाय टाकून परत यायला वेग कशाला पाहिजे? अंदाज पाहिजे. रोज दोन-तीन बोनस, एखादी शेवटची चढाई. दम शे, मास्तर, दम शे अजून!"

खैरनार मूळचे सटाण्याकडचे. एरवी अगदी पुस्तकी बोलतात, पण रंगाचं नाव निघालं की अहिराणी वर येते.

"म्हणजे शिक्का कुठला?" मी खोडी काढली.

"रंगाला मी हातात घेतलेला नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "शिक्का राखीव."

केकला रिजेक्ट आणि या दोन शस्त्रक्रियांच्या गिऱ्हाइकाला शिक्का राखीव! वा रे न्याय!

त्यातच पहिल्या मजल्यावरच्या रोहनने नवा नियम मांडला. हा पोरगा काँप्युटरवाला, प्रत्येक खेळाडूचा आलेख काढतो. त्याचं म्हणणं, मागच्या हंगामात निम्मे सामने बाकावर बसलेला खेळाडू लिलावाच्या यादीतच नको, उगीच वेळ जातो. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. कारण खैरनारांचा एक छळ होता. इतर खेळाडूंना ते दहा-दहाने बोली वाढवायचे, पण रंगाला एकेक गुणाने चढायचे. पाच, सहा, सात करत चाळिसापर्यंत. समोरून चढणारं कुणीतरी लागतंच, आणि ती होती त्यांचीच मुलगी, मधुरा. पुण्याहून फोनवरून खेळायची. बापलेकीचं ते पाच-सहा-सात चालायचं आणि आमची मिसळ गार व्हायची.

नियम ऐकून खैरनार असे भडकले की विचारू नका. गॅलरीतून ओरडले, "याद्या करणारे तुम्ही कोण? एकाने तरी अंगणात पाय टाकलाय का?" रोहन म्हणाला, "काका, तुम्हीच तर म्हणता, नियम म्हणजे नियम." तेव्हा जे घडलं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. खैरनार शिक्का न मारताच आत निघून गेले.

समजूत घालायला मी वर गेलो, तर वहिनींनीच दार उघडलं. ते देवळात गेले होते म्हणे, म्हणजे देवही तपासून होणार होता.

"भावजी, तेवढा रंगा यादीत राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"अहो वहिनी, पण त्याच्यात राहिलंय काय?"

"त्याच्यात नसेल काही. पण ह्या दोघांचं वर्षातून तेवढंच बोलणं होतं हो. पाचापासून चाळिसापर्यंत."

मी बसलोच. मधुराने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं होतं, एवढं ठाऊक होतं. मुलगा भेटायला घरी आला तेव्हा खैरनारांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघून त्याच्या तोंडावर "रिजेक्ट" म्हटलं, हेही सोसायटीत गाजलं होतं. पोरगी बापाचीच. "मग डिफेक्टसकट मी घेते," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. वहिनी पुण्याला जाऊन येतात, हे जात नाहीत. आता नातू झाला होता. वहिनी फोटो दाखवायला गेल्या की हे तोंड फिरवायचे: "फोटोवर मी शिक्का मारत नाही."

"लहानपणी दोघं मिळून रंगाचे सामने बघायचे," वहिनी म्हणाल्या. "जेवायची शुद्ध नसायची. तो यादीतून गेला की संपलं बघा."

मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं मी मिसळ गार होते म्हणून त्या बोलीला शिव्या घालत होतो. खाली जाऊन मी रोहनला धरलं आणि सांगितलं, नियम पुढच्या वर्षीपासून. का म्हणून विचारलं त्याने, तर वडीलधाऱ्यांना का विचारू नये असं बजावलं. मास्तरकीचा तेवढा तरी उपयोग.

लिलाव रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये. पुकारायला नेहमीप्रमाणे निकमशेठ, हे विंचूरच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारतात. भरलेला ट्रॅक्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत विकणारा माणूस. मिसळ आली, खैरनारांनी मटकीचा दाणा बोटांत दाबून "रिवर्क" म्हटलं आणि दुसरी प्लेट मागवली. टेबलावर मधुराला लावलेला फोन उताणा ठेवला होता. बाकीचे खेळाडू संपले. मग निकमशेठ म्हणाले, "रंगा मोगरे. जुना माल हाय, पण टिकाऊ हाय. बोला!"

"पाच," खैरनार म्हणाले. त्यांची नजर फोनवर.

फोनमधून काही नाही.

"पाच एक बार," निकमशेठ म्हणाले. खैरनार पापडाचा तुकडा मोडत बसले. "पाच... दोन बार." एवढा लांबवलेला 'दोन बार' विंचूरच्या बाजाराने कधी ऐकला नसेल. मी फोनकडे बघत होतो, जिन्याकडच्या दारात उभ्या वहिनीही फोनकडे बघत होत्या. पोरगी बोलेना.

"सहा," खैरनार म्हणाले.

रोहन हसला. "काका, वरची बोली तुमचीच आहे."

"माहितीये मला. सात."

आता सगळे हसले. "आठ," खैरनार म्हणाले. "नऊ." कुणीच हसेना मग. "दहा." आवाज जरा वर चढला होता, लांबच्या माणसाला हाक मारताना चढतो तसा. "अकरा!"

"बाबा," फोनमधून दबका आवाज आला. "स्वतःच्याच बोलीवर काय चढताय? बाळ आत्ता झोपलंय मांडीवर. मी माझ्याकडचा आवाज बंद ठेवला होता."

खैरनारांच्या हातातला पापड प्लेटमध्ये पडला. आकडा सोडून काहीतरी पहिल्यांदाच आलं होतं.

"ताप आहे का त्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही. दात येतायत. रात्रभर रडत होता."

"किती आले?"

"चार. खालचा एक वाकडा येतोय."

आता येणार, रिजेक्ट येणार. मला तर वाटलं, पुढे होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा.

"फोनवर मी काही शिक्का मारत नाही," खैरनार म्हणाले. फोन जवळ ओढला. "हातात घेऊन बघावं लागतं."

"मग या ना," मधुरा म्हणाली. "मी काय अडवलंय का तुम्हाला? या ना बाबा."

निकमशेठ उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, तिखट लय झालं बुवा. रंगा मधुराला बाराला गेला. खैरनार त्यावर चढले नाहीत.

खैरनार आणि वहिनी पुण्याला गेले ते चांगले पंधरा-वीस दिवस. परत आले तेव्हा हंगाम सुरू झाला होता, आणि रंगा बाकावर टॉवेल घेऊन बसला होता. मी मुद्दाम जिन्यात गाठलं.

"काय मग, जावई?"

"रिवर्क," ते म्हणाले. "पण चहा बरा करतो."

"आणि नातू? कुठला शिक्का मारला?"

खैरनारांनी सवयीने खिसा चाचपला. व्हर्नियर नव्हतं. "त्याच्याकडे राहिलं," ते म्हणाले. "मोजायला काढलं तर त्यानेच पकडलं, सोडेचना. मग टोकांना फडकं गुंडाळून दिलं. पोऱ्यामा दम शे, मास्तर!"

"म्हणजे शिक्का?"

"मोजायचं राहूनच गेलं हो," खैरनार म्हणाले आणि चेहरा जमेल तेवढा त्रासिक केला. "परत जावं लागणार."