सहाव्या कार्डाची हजेरी

वामनभाऊ आधी हजेरी घेतात, मगच चहाला हात लावतात. हजेरी माणसांची नव्हे, ग्राफिक्स कार्डांची! क्रिप्टोची नाणी काढायला मी मागच्या खोलीत सहा कार्डांची रिग बसवली आहे. तिच्यासमोर स्टूल ओढून, चष्मा कपाळावर चढवून हे गृहस्थ पुकारतात, "एक नंबर!" पंखा फिरताना दिसला की उत्तरही स्वतःच देतात, "हजर!"

बल्लारपुरात आम्ही एकाच गल्लीत राहतो. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर भाऊ कॉम्प्युटर शिकले आणि असे शिकले, की आता ब्रह्मपुरीपर्यंत कुणाचंही कार्ड रुसलं तरी फोन त्यांनाच. कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे नवीन ड्रायव्हरवर, मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. "नवा ड्रायव्हर म्हंजे नवा जावई, मास्तर. पयले चार दिवस पाहा, मंग घर हवाली करा!"

यंदा मे महिन्यात माझं सहावं कार्ड स्क्रीनवरून गायब झालं. उन्हाच्या तडाख्यात रिग तापू नये म्हणून मी पाण्याचा कूलर थेट तिच्या तोंडावर लावला होता. भाऊ दारातूनच ओरडले, "काऊन जी मास्तर, कार्डाले आंघोळ घालून राह्यले का?"

मग जे सुरू झालं ते काय सांगू! ड्रायव्हर मुळापासून काढला, जुना पुन्हा बसवला. स्क्रीनवर पाचच. कार्डाची जागा बदलली. पाच. केबल बदलली. पुन्हा पाच! मी हात टेकले.

"जाऊ द्या भाऊ, पाच चालतात ना. सहावं भंगारात देतो."

भाऊ एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "असं नाई सोडत कोनाले! खोडरबर आना!"

मास्तराच्या घरी खोडरबराला काय तोटा? कार्डाच्या जोडणीच्या सोनेरी दातांवर ओलीने हिरवट डाग धरले होते. भाऊंनी एकेक दात घासला, फुंकला, कार्ड खटकन बसवलं. पंखा थरथरला... थांबला... आणि भर्रकन सुटला! स्क्रीनवर सहा! मी उडीच मारली. स्वयंपाकघरातून बायको हातातल्या झाऱ्यासकट धावत आली. "सहा नंबर, हजर!" मीच बोंबललो.

भाऊ मात्र दुपट्ट्याने डोळे पुसत होते.

"खाणीत मी दिवे देत होतो, मास्तर," ते हळूच म्हणाले. "खाली जाताना मानूस दिवा नेये, वर आला का वापस करे. एक दिवस माही शिफ्ट संपली, पन एक दिवा आला नव्हता. म्हनलं, येईल मंग. पुढच्या शिफ्टवाल्याले सांगतलंबी नाई."

"मग?"

"थो मानूस दुसऱ्या दिवशी वर आला. चादरीत. अन् मी त्या राती घरी जाऊन जेवलो होतो, मास्तर. पोटभर."

 मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो बराच वेळ सोडवून घेतला नाही.