जून झाडांच्या वाट्याचं मीठ

डॉक्टरांनी मीठ तोडलं त्या दिवसापासून नानांचं जेवणावरचं मनच उडालं. नानींनी मिठाची बरणी कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला खोचली. बिनमिठाचं सूप पुढ्यात आलं की नाना त्याच्याकडे नावडत्या पाहुण्यासारखं बघत.

अशात विद्यापीठाच्या काचघराचं छप्पर गळायला लागलं आणि सूनबाईने प्रबंधासाठी वाढवलेली टोमॅटोची रोपं घरच्या गॅलरीत आणून ठेवली. कोवळी एका रांगेत, जून दुसरीत. सगळ्यांना खारं पाणी घालायचं, निम्म्यांवर संप्रेरक फवारायचं आणि कोण तग धरतं ते पाहायचं. दोन्ही रांगांच्या खाऱ्या पाण्याच्या बाटल्याही तिथेच.

नानांना आकाश ठेंगणं झालं. जून रोपांच्या बाटलीतून चमचाभर पाणी सुपात, तेवढंच साधं पाणी परत बाटलीत. चमच्याची पळी कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही. कोवळ्यांच्या बाटलीला मात्र त्यांनी हात लावला नाही. लेकरांच्या तोंडचं कसं काढायचं? शिवाय उतारवयात मीठ वाईट, असं खुद्द डॉक्टरच म्हणाले होते.

कोवळ्या रोपांनी माना टाकल्या. फवारलेली त्यातल्या त्यात बरी. जून रोपं मात्र, फवारा असो नसो, टवटवीत! सूनबाई हरखून गेली.

"नाना, वाढलेल्या झाडांना फवाऱ्याची गरजच दिसत नाही!"

"असेल, असेल," नाना घाईघाईने म्हणाले. इकडे त्यांचं ब्लडप्रेशर काही उतरेना.

एके दिवशी मार्गदर्शक सर रोपं पाहायला आले. त्यांनी जून रोपांच्या बाटलीत क्षारमापक बुडवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यात मीठ नावालाच आहे! इतका हलगर्जीपणा? हे प्रकरण प्रबंधातून काढून टाका."

सूनबाईचे डोळे भरून आले. नानांना ते बघवेना.

"तिनं घातलं होतं हो," ते पुटपुटले. "ते मी खाल्लं."

नानी गर्रकन वळल्या. "तरीच! आणि मी त्या बिचाऱ्या डॉक्टरांना नावं ठेवत होते!"

प्रयोग पुन्हा मांडला गेला. बाटल्यांवर नानींचा पहारा. नाना सूप मुकाट गिळत आणि सुनेची मेहनत फुकट जाऊ नये म्हणून जून रोपांना गुपचूप धीर देत. आणि काय आश्चर्य, अस्सल खाऱ्या पाण्यातही ती ताठ उभी राहिली! सरांनी प्रकरण मंजूर केलं.

नानांनी त्याच दुपारी वाटी पुढे सरकवली. "आता तर शास्त्रानंच सांगितलं. म्हाताऱ्यांना मीठ सोसतं. घाल चिमूटभर."

नानी शांतपणे उठल्या, गॅलरीतून एक रिकामी कुंडी घेऊन आल्या आणि नानांच्या पायाशी ठेवली.

"आधी यात उभे राहा," त्या म्हणाल्या. "मग घालते."