पाटणकरांची जीभ

शिवडीच्या आमच्या इमारतीत पाटणकरकाका रोज सकाळी साडेसहाला बोअरचं पाणी चाखतात. घोट तोंडात घोळवतात, मोरीत थुंकतात आणि पंपाच्या खोलीतल्या फळ्यावर खडूने निकाल लिहितात. "आज ठीक", "आज खारट"; क्वचित, "समुद्र आला".

हे पाणी पिण्याचं नाही. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात मिसळून ते फ्लशला आणि बागेला जातं. सांडपाण्यात क्षार आधीच असतात. त्यात बोअरमधून जास्त उपसा झाला की खाडीचं पाणी आत सरकतं आणि बागेतल्या पानांच्या कडा करपतात. म्हणून पंप किती वेळ चालवायचा हे काका ठरवतात. किल्ली त्यांच्याकडे असते. सांडपाण्यातले क्षार मात्र ते मीटरने मोजतात. ते पाणी का चाखत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"जीभ माझी आहे, सोसायटीची नाही."

यंदा उन्हाळ्यात गाड्या धुवायला पंप दिवसभर चालू ठेवावा, असं सेक्रेटरी सावंतांचं म्हणणं पडलं. काका दोन तासांवर अडून बसले. तेव्हा सावंतांनी मीटिंगमध्ये किल्लीच मागितली. इमारतीचं पाणी एका माणसाच्या जिभेवर किती दिवस चालवायचं, म्हणाले. काकांनी अट घातली. वेगवेगळ्या पाण्याचे पाच पेले ठेवा, कुठलं ते चाखून सांगतो; एक जरी चुकला तरी किल्ली तुमची.

आमची बोअर, नळ, टाकी, शेजारच्या इमारतीची बोअर. चार पेले त्यांनी बिनचूक सांगितले. पाचव्याला थांबले. सावंत खिडकीबाहेर बघू लागले.

"पाणी नळाचं, मीठ तुझ्या घरचं. बोअरचं खारट मागाहून कडू लागतं रे, सावंता."

सावंतही हसले. किल्ली काकांच्या खिशात परत गेली.

त्याच रविवारी काकांनी मला जेवायला बोलावलं. आमटीचा पहिला घास घेतला आणि मी थबकलो. मीठ नव्हतं. भाजीतही नव्हतं. काका उठले आणि कपाटावरून मिठाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. ती पाहुण्यांसाठी होती.

"माझं मूत्रपिंडाचं दुखणं," मालतीकाकू म्हणाल्या. "सात वर्षं मीठ बंद. यांना म्हणते, तुमच्यापुरतं तरी घ्या."

"एका घरात दोन चवी कशाला?" काका म्हणाले.

काकूंनी नेहमीसारखं विचारलं, आमटी बरी झालीय का. काकांनी घोट तोंडात घोळवला, सकाळी घोळवतात तसाच.

"आज ठीक," म्हणाले, आणि गिळला.