नावं बाकी शेतस

सिनेमा संपला की दिवे लागतात, हा नियम जळगावच्या आमच्या विद्यापीठाच्या सभागृहाला लागू नव्हता. तिथे दिवे आमचे प्रोजेक्टरवाले नाना लावत, आणि पडद्यावरचे शेवटचे नाव वर सरकून जाईपर्यंत नानांचा तळहात बटणांवर झाकणासारखा ठेवलेला असे. कोणी अंधारात चाचपडत उठले की मागून शांत आवाज येई, “बसा. नावं बाकी शेतस.” एकदा एका घाईतल्या कुलगुरूंची पायरी चुकली आणि ते पुष्पगुच्छासह अधिष्ठात्यांच्या मांडीवर बसले. “तठेच बसा, दोनच मिनिटं,” नाना म्हणाले.

तरुणपणी नाना साक्रीकडच्या जत्रांतून फिरत्या तंबूचे यंत्र चालवीत. पेनड्राइव्हविषयी त्यांना दया वाटे. तो दोन बोटांत धरून ते विचारत, यात मारामारी मावते का. पडद्याकडे ते क्वचितच पाहत. प्रेक्षकांची डोकी पाहून चित्रपटाची प्रत सांगत. डोकी हलत नसतील तर सिनेमा चांगला, नाहीतर सगळे झोपलेले.

त्याच तंबूत बायकांच्या दारावर त्यांची पत्नी तिकिटे फाडत बसे. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या चित्रपट विभागातील धुळ्याच्या एका विद्यार्थिनीने तिच्यावर लघुपट केला. त्यात ती आजारी बाई खाटेवर उठून बसली आणि हसत म्हणाली, इतकी वर्षे दारावर काढली, पण एकही सिनेमा शेवटापर्यंत पाहिला नाही. संपायच्या आधी लोकांसाठी दाराची कनात उघडून धरायला बाहेर जावे लागे. त्यानंतरची संक्रांत तिने पाहिली नाही.

गेल्या वर्षी आमच्या लघुपट महोत्सवात तो दाखवायचा होता; त्या सकाळी नाना धुतलेला पांढरा सदरा घालून माझ्याकडे आले. मी संयोजक होतो आणि पाहुण्या दिग्दर्शकांच्या परतीच्या गाडीची वेळ पाहत होतो. पत्नीचा उल्लेख एरवी ‘घरमा’ एवढाच करणारे नाना म्हणाले, “भाऊ, शेवटले द्वारकानं नाव शे. तेवढं लोकेस्ले दिसू द्या.”

मी मान हलवली. माझी मान हलते तेव्हा मी ऐकत असतोच असे नाही, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. नानांना ते ठाऊक नव्हते.

उद्घाटनात शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचा परिचय यांनी तासभर अधिक घेतला. गाडी तर थांबणार नव्हती. मग दुपारी मी संगणकासमोर बसलो आणि विद्यार्थ्यांच्या सगळ्या लघुपटांच्या शेवटच्या नामावल्या कापून टाकल्या. वाचलेल्या मिनिटांचे मला समाधानही वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी द्वारकाबाईंचा लघुपट संपला. पडदा काळा झाला. दिवे लागले नाहीत. थोड्या वेळाने खुर्च्या करकरू लागल्या.

“नाना, दिवे,” मी हळूच म्हणालो.

“नाव बाकी शे, भाऊ.”

मी पायऱ्या चढून मागे गेलो. नानांनी हात काढला नाही. मी तो उचलून बाजूला केला आणि बटणे दाबली. उजेडात पाहिले तर नाना पडद्याकडे पाहत होते. पहिल्या रांगेतून त्या विद्यार्थिनीने वळून माझ्याकडे पाहिले, आणि सकाळचे वाक्य तेव्हा कुठे माझ्यापर्यंत पोहोचले. पाहुण्यांनी त्या वृद्धेच्या चेहऱ्याची मनापासून स्तुती केली. नाव त्यांनी विचारले नाही. सांगायचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी नानांना म्हटले की पूर्ण लघुपट पुन्हा दाखवू, आपण दोघे पाहू. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

“लोके कोठे शेतस, भाऊ? नाव वाचाले लोके लागतस.” त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

यंदाच्या महोत्सवात मी एकही अक्षर कापू दिले नाही. पहिला लघुपट संपला, नावे वर सरकू लागली आणि त्याच क्षणी सभागृहातले सगळे दिवे लागले. पडद्यावरची अक्षरे उजेडात पुसट झाली. लोक उठले. मी गर्दीतून वाट काढत मागे गेलो.

“नाना, नावं बाकी आहेत.”

त्यांचा हात बटणांवर नव्हता.

“राहू द्या, भाऊ. लोकेस्ले घर जावानं शे,” ते म्हणाले, आणि कनात उघडून धरावी तसे दार उघडून बाजूला उभे राहिले.